आईला डुलकी लागते तिथे कात्री

मागच्या अंकात मी कापते त्या लग्नाच्या व्हिडिओंबद्दल लिहिताना एक वाक्य सहज पडून गेलं होतं: २०२२च्या पावसाळ्यात भाच्याबरोबर बसून मी एका व्हिडिओ गेमच्या रेकॉर्डिंगमधून तीन तासांचा सिनेमा कापला. लग्नांबद्दल एकही पत्र आलं नाही. गेमबद्दल मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्ख्या गोव्यातून आली. त्यांतली चार घेते. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

साखळीहून एक वाचक लिहितात : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि दोन मित्रांनी २०१८चा ‘गॉड ऑफ वॉर’ पीसीवर खेळून पूर्ण रेकॉर्ड केला. ३४ तास झाले. गेम न खेळणाऱ्यांनाही गोष्ट कळावी म्हणून त्याचा सिनेमा करायचाय. भटकणं, मरणं, परत खेळणं असं सगळं कापून ९ तास ४० मिनिटांवर आलोय. आता पुढे काय काढावं कळत नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. आईला दाखवायला बसवलं तर ती पाऊण तासात झोपली. त्याआधी एवढंच म्हणाली, ‘‘अरे, हो परत परत त्याच मनशाक कित्याक मारता?’’ (हा परत परत त्याच माणसाला का मारतो?)

उत्तर : तुझ्या आईला आधी माझा नमस्कार सांग. या गेममधले ट्रोल, म्हणजे राक्षस, एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, ही तक्रार भल्याभल्या खेळाडूंनी केली आहे. तुझ्या आईला ती पाऊण तासात सुचली. तिला सोडू नकोस.

गेम माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. क्रेटॉस नावाचा दांडगा, अबोल बाप आणि अट्रेयस हा त्याचा लहान मुलगा. आई वारली आहे. आपली रक्षा सगळ्यांत उंच शिखरावरून उधळावी ही तिची शेवटची इच्छा. गेम सुरू होतो तेव्हा बाप तिच्या चितेसाठी झाड तोडत असतो. देव नॉर्स पुराणातले आहेत, पण ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही ओसरीवर बसून समजते.

आता तुझा घोळ. तू ३४ तासांतून नको ते काढत गेलास आणि जे उरलं त्याला सिनेमा म्हणतोयस. यूट्यूबवर १२ तासांपर्यंतचा व्हिडिओ चढतो, म्हणजे तिथे हे मावेल. तुझ्या आईच्या पाऊण तासात मावायचं नाही. असंच काढत राहिलास तर पाच तासांवर येऊन अडकशील. मी अडकले होते.

माझे बाबा गावच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं ते तांबडं फुटेपर्यंत. तेच नाटक स्पर्धेला न्यायचं ठरलं की वेळेचं बंधन आलं, आणि रंगावृत्ती करायचं काम बाबांकडे. ओसरीवर संहिता, हातात लाल-निळी पेन्सिल. मला वाटायचं, आता लांबलांब भाषणं छाटणार. पण भाषणांना ते आधी हातच लावत नसत. कागदावर पात्रांच्या प्रवेशांची यादी करायचे आणि एकेकापुढे बोट ठेवून स्वतःलाच विचारायचे, ‘‘हा आत आला नाही तर कोणाचं अडतं?’’ कोणाचंच अडत नसेल तर अख्ख्या प्रवेशावर निळी रेघ, मग तो कितीही टाळ्या घेणारा असो. एकदा सेनापतीचा प्रवेश असा गेला. सेनापती करणारा आमचा गावचा दुकानदार. त्याने बाबांना वर्षभर उधार दिलं नाही.

तू यादी कर. मोबाईलवर नको, कागदावर. प्रसंगाचं नाव, आणि पुढे तो नसेल तर कोणाचं अडतं ते. सुरुवातीचं कुठलं बटण कशाला ते शिकवणारं सगळं आपोआप जाईल. दशावतारात आख्यान लागण्याआधी गणपती, सरस्वती, संकासूर येऊन जातात ना, तसं आहे ते. खेळायला बसलेल्याला हवं, गोष्ट ऐकायला बसलेल्याला थांबायचा धीर नसतो. (दशावतारप्रेमींनी रागावू नये, मी स्वतः संकासुरासाठी जागत असे.) वाटेतले ट्रोल जातील. आडवाटेची कामं, खजिने, कवचं बनवणं, बुटक्या लोहारांशी घासाघीस, सगळं जाईल. घरासमोरची त्या अनोळखी माणसाबरोबरची पहिली मोठी लढाई ठेव, जवळजवळ पूर्ण ठेव, कारण तिच्यामुळेच बापलेकांना घर सोडावं लागतं. बाकीच्या लढायांतून मी तीनच तुकडे घ्यायचे: कशावरून जुंपली, पोरगा कुठे सापडला, आणि शेवटचा घाव.

होडीला मात्र हात लावू नकोस. तुझ्या यादीत तिच्यापुढे ‘प्रवास’ असं लिहिलेलं असणार आणि तू ती केव्हाच काढली असणार, मी पैज लावते. अरे, तो बाप जमिनीवर बोलतच नाही. पोराला नावाने हाक मारायलाही जड जातं त्याला, नुसतं ‘बॉय’. हरिणाच्या शिकारीनंतर पोराच्या पाठीवर हात ठेवायला जातो आणि मागे घेतो. होडीत बसला की वल्हं मारता मारता त्याच्या तोंडून गोष्टी निघतात, तोडक्यामोडक्या. पुढे मिमीर येतो, कमरेला लटकवलेलं बोलकं शिर, आणि मग होडीत पुराणच रंगतं. गंमत अशी की गोष्ट चालू असताना तू किनाऱ्याला लागलास तर ती अर्ध्यावर तुटते आणि परत होडीत बसलास की पुढे सुरू होते. तू खेळायच्या घाईत असणार, म्हणजे तुझ्या रशेसमध्ये, न कापलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, साऱ्या गोष्टी अर्ध्याच असतील.

पुढचा परिच्छेद गेम खेळायचा असलेल्यांनी वाचू नये. मध्यावर पोरगा आजारी पडतो. बाप त्याला दुसऱ्याच्या घरी ठेवून एकटा होडी वल्हवत आपल्या घराकडे निघतो, जे हत्यार कधी हातात घ्यायचं नाही असं ठरवलेलं असतं ते आणायला. आमच्या पहिल्या कटमध्ये आधीच्या होड्या नव्हत्या. तेव्हा हा प्रसंग म्हणजे एक माणूस एका जागेवरून दुसरीकडे गेला, बस. मग मी मागच्या चार होड्या परत घातल्या. सिनेमा अठरा मिनिटांनी वाढला. माझी आई खाली बसून तांदूळ निवडत होती, पडद्याकडे अर्धंच लक्ष. एकटी होडी आली आणि तिने मान वर केली. ‘‘भुरगो खंय?’’ पोरगा कुठे? भाचा माझ्याकडे बघायला लागला. आम्ही त्या प्रसंगाला नंतर हात लावला नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. गेम पुन्हा खेळ.

पहिल्यांदा तू जिंकायला खेळलास. कॅमेरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कोपऱ्यात काही सापडतंय का ते बघायला. पोरगा आईबद्दल बोलतोय, तिची रक्षा बापाच्या कमरेला, आणि बाप पेट्या फोडतोय! हे तुझ्या रशेसमध्ये शंभर ठिकाणी असेल. दुसऱ्यांदा खेळशील तो नट म्हणून. चाल, पळू नकोस. पोरगा बोलायला लागला की थांब, त्याच्याकडे वळ. कंट्रोलरवरची कॅमेऱ्याची काडी अंगठ्याने हळू फिरव, आणि प्रसंग संपला तरी दोन श्वास तशीच राहू दे. कापायला जागा लागते. सगळ्यांत सोपी पातळी निवड. तिचं नावच ‘गिव्ह मी अ स्टोरी’ आहे, म्हणजे बनवणाऱ्यांना तुझ्यासारखे लोक येणार हे ठाऊक होतं. पडद्यावरच्या पट्ट्या आणि आकडे सेटिंगमधून बंद कर. आणि कवच एकच ठेव. या गेममधले नाट्यप्रसंग आधी बनवून ठेवलेले नसतात, तिथल्या तिथे उभे राहतात, त्यामुळे क्रेटॉसच्या अंगावर तेव्हा जे असेल तेच दिसतं. आमचा क्रेटॉस एका दारातून उघड्या खांद्याने आत गेला आणि पलीकडे पितळी कवच घालून निघाला. लग्नात नवरी दोन साड्यांत सप्तपदी घालते तसं.

कुठे कापायचं हा या गेमपुरता खास पेच. दिग्दर्शक कोरी बारलॉग याने हट्टाने अख्खा गेम एका सलग शॉटमध्ये ठेवला आहे. तू मेलास किंवा मेनू उघडलास तरच काय तो कॅमेरा तुटतो. मग तीस तासांचे तीन करताना जंप कट, म्हणजे मधलं गाळून मारलेल्या उड्या, डोळ्यांत खुपतात. आम्हाला उपाय गेममध्येच सापडला. बापलेक वाटेत अरुंद कपारींतून अंग चोरून जातात, आठवतंय? तिथे पडदा खडकाने भरून अंधारतो. गेम त्या वेळात पुढचा प्रदेश मागच्या मागे लोड करून घेत असतो, म्हणजे बनवणाऱ्यांनी आपला सांधा तिथे लपवलाय. तू तुझाही तिथेच लपव. एका कपारीत शिरायचं आणि दोन तासांनंतरच्या कपारीतून बाहेर यायचं. भाच्याने अशा सगळ्या कपारींची वहीत यादी केली होती, वेळेसकट.

रेकॉर्डिंगबद्दल. ओबीएस हा पडदा रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम वापरत असशील तर फाईल एमकेव्हीमध्ये घे, साध्या एमपी४मध्ये नको. त्या पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली आणि भाच्याचं अडीच तासांचं रेकॉर्डिंग गेलं, कारण एमपी४ची फाईल नीट बंद झाली नाही तर ती उघडतच नाही. एमकेव्ही जिथपर्यंत झालं तिथपर्यंत वाचते, आणि ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे चित्राला हात न लावता फाईलचं नुसतं वेष्टन बदलून, तिची दोन मिनिटांत एमपी४ होते. पोरगा जेवला नाही त्या रात्री. दुसरं, ग्राफिक कार्डाबरोबर येणारे रेकॉर्डर बहुधा बदलत्या फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं घेत, रेकॉर्ड करतात. हे दुखणं मला लग्नांमुळे माहीत. पाहुण्यांचे मोबाईल तेच करतात. टाइमलाइनवर आवाज हळूहळू सरकत जातो, मंगलाष्टकं संपतात आणि भटजींचे ओठ हलतच असतात. फ्रेमरेट कायम ठेव. ६० वर खेळत असशील तर ३० वर काप, एकाआड एक फ्रेम गळते आणि हालचाल गुळगुळीत राहते. ‘सिनेमासारखं’ म्हणून २४ करायला जाऊ नकोस, ६०ला २४ने भाग जात नाही आणि कॅमेरा वळताना अडखळतो. सेकंदाला ४० मेगाबिट धरलेस तर तासाला १८ जीबी होतात. एक टीबीची डिस्क आधी घे, मग खेळायला बस.

संगीतासाठी एकच सांगते. गेममधलं संगीत तुझ्या खेळण्याप्रमाणे चढतं-उतरतं, त्यामुळे चित्र कापलंस की ते मधेच तुटून ठेच लागल्यासारखं होतं. दुसऱ्या खेळात संगीताचा आवाज शून्यावर नेऊन रेकॉर्ड कर.

म्हापशाहून एक आई लिहितात : मुलगा बारावीला आहे. दिवसभर गेममधली दृश्यं जोडत बसतो आणि म्हणतो की ही कला आहे. असं खरंच काही असतं, की वेळ घालवायचे धंदे?

उत्तर : असतं, आणि तुमच्या मुलापेक्षा ते वयाने मोठं आहे. १९९६मध्ये ‘क्वेक’ नावाच्या गेमच्या काही खेळाडूंनी ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दोन मिनिटांहूनही छोटी फिल्म केली. ती व्हिडिओ फाईल नव्हतीच. कोण कुठे वळला, कधी उडी मारली एवढीच नोंद, आणि ती नोंद वाचून तुमच्या संगणकावरचा गेम सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवायचा. आमच्या बाबांच्या प्रॉम्प्टिंगच्या वहीसारखं. पुढे या प्रकाराला ‘मशिनिमा’ म्हणायला लागले. २००५मध्ये पॅरिसच्या उपनगरांत दंगली झाल्या, तेव्हा ॲलेक्स चॅन या फ्रेंच तरुणाने एका गेममधल्या बाहुल्या वापरून तिथल्या पोरांची बाजू मांडणारी छोटी फिल्म केली. आणि अलीकडची म्हणजे २०२४ची ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’. लॉकडाऊनमध्ये काम नसलेल्या दोन ब्रिटिश नटांनी ‘जीटीए ऑनलाइन’ या मारधाडीच्या गेममध्ये शेक्सपिअर बसवायला घेतला. संवाद चालू असताना कोणी अनोळखी येऊन गोळ्या घालतो आणि तालीम बंद. देवळासमोरच्या नाटकात मधेच कुत्रा रंगमंचावर येतो, त्याची आठवण झाली मला. संबंध माहितीपट गेमच्या आतच चित्रित केलेला आहे, आणि अमेरिकेतल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात त्याला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

बारावीचं म्हणाल तर परीक्षा होईपर्यंत त्याला रविवार द्या. बंद करू नका, लपून करेल तेव्हा रात्रीचं करेल.

मडगावहून एक नाट्यकर्मी लिहितात : आमच्या ग्रुपमध्ये चांगले आवाज आहेत. गेमच्या दृश्यांवर मराठी संवाद चढवले तर? ओठ जुळणार नाहीत याची भीती वाटते.

उत्तर : तोंड न दिसणारी पात्रं घ्या. २००३मध्ये ‘हेलो’ या गेमवर सुरू झालेली ‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’ ही विनोदी मालिका याच युक्तीवर उभी आहे. सगळे सैनिक शिरस्त्राणात, ओठांचा प्रश्नच नाही. बोलणाऱ्याने नुसती मान हलवायची, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. एक खेळाडू कॅमेरा व्हायचा, म्हणजे त्याच्या पात्राच्या डोळ्यांतून सगळं रेकॉर्ड, आणि त्याच्या पडद्यावरचे आकडे झाकायला वर-खाली काळ्या पट्ट्या. बंदूक कायम रोखलेली दिसायची ही अडचण होती. मग सापडलं की पिस्तूल हातात घेऊन जमिनीकडे नेम धरला तर गेममधल्या एका चुकीमुळे दुसऱ्यांना तो माणूस हात खाली सोडून समोर बघत उभा दिसतो! गेमच्या पुढच्या भागात, ‘हेलो २’मध्ये, बनवणाऱ्यांनी बंदूक खाली घ्यायची सोयच करून दिली.

आणि एक विनंती. इंग्रजी सबटायटल वाचून मराठी लिहू नका, ते ‘अरे देवा, आपण हे करू शकतो’ असलं काहीतरी होतं. दृश्य आवाज बंद करून तीनदा बघा आणि मग तुमच्या सर्वांत बेरकी नटाला बोलायला लावा. दशावतारी नटाला कुठे संहिता असते? आख्यान ठरलेलं, संवाद त्याचे त्याचे. असा एखादा आजोबा ग्रुपला मिळाला तर माइक त्याच्यापुढे ठेवा आणि बाजूला व्हा.

पेडण्याहून एक वाचक लिहितात : चवथीला वाड्यावरच्या मंडपात आमच्या पोरांनी केलेला गेमचा सिनेमा दाखवायचा विचार आहे. वीस रुपये तिकीट ठेवून पैसे मंडळाला. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल. तिकीट काढून टाका, आणि तरीही थांबा.

मी वकील नाही, पण या धंद्यात गाण्यांमुळे पोळलेली आहे, म्हणून एवढं वाचून ठेवलंय. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा मोजक्या कामांसाठी ते सूट देतं. मंडपात सगळ्या वाड्याला दाखवणं यांतल्या कशात बसवणार? गेममधली चित्रं, आवाज, संगीत, सगळ्यावर कंपनीचा हक्क आहे. काही कंपन्यांनी चाहत्यांसाठी नियम लिहून ठेवलेत. मायक्रोसॉफ्टने ते २००७मध्ये काढले: आमच्या गेमवरून फिल्म करा, पण विकू नका आणि ती आमची अधिकृत फिल्म आहे असं भासवू नका. तुमच्या गेमच्या कंपनीचं असं काही पान आहे का, ते पोरांना शोधायला सांगा.

हे कागदोपत्रीच राहतं असं समजू नका. २०२३मध्ये जपानच्या सेंदाई इथल्या न्यायालयाने एका माणसाला दोषी ठरवलं. त्याने गोष्टप्रधान गेमचे शेवटापर्यंतचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून जाहिरातींचे पैसे मिळवले होते. दोन वर्षांची शिक्षा, पाच वर्षांसाठी स्थगित, वर दहा लाख येन दंड. त्याच्यावर दुसऱ्याही व्हिडिओंचा आरोप होता, पण मुद्दा तोच. मारधाडीच्या गेमचा व्हिडिओ बघून कोणी तो गेम घ्यायचं सोडत नाही. गोष्टीच्या गेमचा शेवट बघितला तर सोडू शकतो. पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणजे नेमका तोच शेवट.

म्हणून यंदा घरी दाखवा. चवथीला घर भरलेलं असतंच, मुंबई-पुण्याचे सगळे आलेले. गणपतीवर माटोळी, फळापानांचं छत, बांधलेल्या खोलीत नको, बाजूच्या खोलीत पांढरी चादर ताणा. दुपारच्या जेवणानंतर लावू नका, अर्धा वाडा घोरेल. संध्याकाळच्या आरतीनंतर लावा, आणि जिथे पात्रं हळू बोलतात तिथे आवाज आधीच थोडा चढवून ठेवा. कौलांवर पाऊस असतो.